दुधाला हात न लावण्याची चाळीस मिनिटं

आम्ही राहतो त्या गावात जवळजवळ प्रत्येक घराचा एक लाकडी ठसा असतो. तळहाताएवढा, मेपलच्या लाकडात कोरलेला. चीजचं चाक साच्यातून बाहेर काढलं की त्याच्या ओल्या पाठीवर तो दाबायचा, म्हणजे ते कोणत्या घराने केलं हे कायमचं कळतं. एका घराचा ठसा मासा आहे, एकाचा होडी, एकाचा कुऱ्हाड. आमचा ठसा म्हणजे कागदाची सुरळी, मधोमध फीत बांधलेली. मी तो कोरून घेतला तेव्हा शेजारच्या आजींनी चष्मा कपाळावर सरकवून तो निरखला होता.

"ही आमची बटाट्याची पोळी गुंडाळलेली दिसते," त्या म्हणाल्या.

"नाही. माझी पदवी आहे. आमच्या घराण्यातली पहिली."

"मग फीत जरा ठळक कोरायला सांग," एवढंच बोलून त्यांनी ठसा परत दिला.

हे गाव वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरात, खिंडीच्या पलीकडे आहे. नॉर्वेहून आलेल्या काही कुटुंबांनी ते वसवलं. कोणी सुतार होते, कोणी रेल्वेच्या रुळांवर राबायला आलेले. त्यांच्या पोरीबाळींनी वरच्या कुरणात गायी नेल्या आणि तिकडच्यासारखंच उन्हाळाभर चीज करून थंडीला पुरवलं. आता गायी फक्त दोन घरांकडे उरल्यात आणि दुकानात वीस प्रकारचं चीज मिळतं. तरी उन्हाळ्यात दर गुरुवारी गावच्या दूधघरात तांब्याचा हंडा तापतो. दर गुरुवारी एका घराची पाळी. सप्टेंबरच्या शेवटी गाव वसल्याचा दिवस साजरा करतात, तेव्हा सगळी चाकं एका लांब फळीवर मांडून कापतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा तुकडा खातो. नव्याने आलेल्यांना पाळी मागता येत नाही. जुन्या घरांनी बोलवावं लागतं. फळीवर चाक असलं म्हणजे तुम्ही या गावचे, असं कोणी तोंडाने म्हणत नाही, पण सगळ्यांना ते ठाऊक असतं.

मला ते चाक हवं होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवू.

त्याआधी आम्ही खिंडीच्या अलीकडे, शहराला लागून असलेल्या बॉथेलला राहत होतो. माझी कंपनी तिथेच आहे, औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासण्याचं माझं काम. बॉथेलला मराठी माणसांना तोटा नाही. गणपती, दिवाळी पहाट, पॉटलक, सगळं यथासांग. पण पॉटलकला कोणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी बीड जिल्ह्यातलं माझं गाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "पण शिक्षण पुण्यात ना?" ते 'पण' माझ्या कानाला टोचायचं. वडील काय करतात असं विचारलं की मी म्हणायचे, "डेअरी बिझनेस." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, खवा करायचे. आमच्याकडे डोंगराळ भाग, पाऊस बेताचा, म्हशी बऱ्या. पहाटे दूध यायचं, घरामागच्या भट्टीवर कढई चढायची, आई जळण सारायची आणि अण्णा ढवळायचे. खव्याच्या दुधाला एक क्षणही उसंत देता येत नाही. हात थांबला की तळ धरतो, तळ धरला की करपट वास, आणि करपट खवा पेढेवाला परत पाठवतो. चाळीस वर्षं लोखंडी उलथणं फिरवून अण्णांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलाय.

मी इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर दिला तेव्हा त्यांनी एसटीने होस्टेलवर पाच किलो खवा पाठवला होता, ओल्या फडक्यात बांधून. त्याला धुराचा वास होता. मी मैत्रिणींना सांगितलं, पेठेतल्या दुकानातून आणलाय. त्यांनी वाटून खाल्ला आणि दुकानाचं नाव विचारलं. मी विसरले म्हटलं. ही गोष्ट मी अण्णांना कधी सांगितली नव्हती.

घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा आम्ही या डोंगरात घर घेतलं. इथे बीड आणि पुण्यातला फरक कोणालाच माहीत नाही, याचं मला फार बरं वाटलं. चार वर्षांनी, या उन्हाळ्यात, शेजारच्या आजींनी कुंपणावरून हाक मारली. "ऑगस्टचा तिसरा गुरुवार. माझी पाळी तुझ्या घराला देते. माझे गुडघे गेले."

मी आत जाऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा एवढी हसली नव्हतीस."

त्याच सुमाराला अण्णा आले होते. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि भट्टी तेव्हापासून थंडच होती. मी सहा महिन्यांसाठी बोलावलं. पाच आठवड्यांत त्यांनी सोफ्याचा एक कोपरा धरला आणि तिथून खिडकीतला डोंगर बघत राहिले. टीव्ही नको, फिरायला नको. माझी नऊ वर्षांची लेक त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारायची, ते मान डोलवायचे. एके दिवशी जेवताना म्हणाले, "माय, तिकीट बदलून दे. पुढच्या शुक्रवारचं बघ."

"का अण्णा? काही कमी पडलं का?"

"कमी कशाचं. हाताला काम न्हाई. हात असे मांडीवर ठिवून माणूस किती दिस बसंल?"

मी तिकीट बदललं. पुढच्या शुक्रवारचं. पाळीच्या दुसऱ्या दिवशीचं. मनात म्हटलं, निदान चाक झालेलं तरी बघून जातील.

त्या गुरुवारी नवरा बॉथेलला ऑफिसात होता आणि लेक दुपारपर्यंत समर कॅम्पला. मी अण्णांना घेऊन सकाळी सातलाच दूधघरात गेले. एकच मोठी खोली, दगडी भिंती, मधोमध गॅसच्या शेगडीवर तांब्याचा हंडा. शंभरेक लिटर दूध ओतलेलं. अण्णा हंड्याभोवती एक फेरी मारून आले, तांब्यावर टिचकी मारली आणि आजींकडे बघून म्हणाले, "भांडं झ्याक हाय आक्काचं." मी भाषांतर केलं. आजींनी 'आक्का' म्हणजे काय ते विचारलं. थोरली बहीण म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, मी त्यांच्याहून फार थोरली नाही."

दूध कोमट झालं. आजींनी शेगडी बंद केली आणि दूध गोठवणारं द्रव्य, रेनेट, मोजून ओतलं. दोनच वेळा पळी फिरवली आणि म्हणाल्या, "आता चाळीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. धक्कासुद्धा नाही. दूध दह्यासारखं एकसंध धरलं पाहिजे, मग सुरीने कापायचं. मी घरी जाऊन यांना गोळ्या देऊन येते." यांना म्हणजे त्यांच्या नवऱ्याला.

त्या गेल्या आणि माझा फोन थरथरला. ऑफिसचा मेसेज. एका चाचणीच्या आकड्यांत गोंधळ होता, पाच मिनिटं कॉलवर ये. दूधघरात मेसेज कसाबसा येतो, पण कॉलपुरता सिग्नल चर्चच्या वळणावरच मिळतो. मी सुट्टी टाकली होती. नाही म्हणता आलं असतं. पण मी आमच्यातली पहिली ना, मला आजवर कोणत्याच कॉलला नाही म्हणता आलेलं नाही. सतत वाटतं की नाही म्हटलं तर कोणीतरी विचारेल, हिला आत कोणी घेतलं.

मी अण्णांना बजावलं, "इथे बसा. हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. मी आलेच."

"जा तू," ते म्हणाले.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. मी पळत परत आले तेव्हा अण्णा बाह्या सरसावून हंड्यापाशी उभे होते, हातात लांब पळी, आणि उजवा खांदा अगदी ओळखीच्या लयीत पुढे-मागे होत होता. तळापासून काठापर्यंत, काठापासून तळापर्यंत. हंड्यात दही नव्हतं. हिरवट पाण्यात पांढरा भुगा तरंगत होता.

"अण्णा, काय केलंत हे?"

त्यांनी हात थांबवला नाही. "धा मिन्टं दम धरला बघ. मग त्यावर साय आल्यागत दिसाया लागली. दूध असं उगंच बसवून ठिवत्यात व्हय? मला वाटलं, आक्का इसरली."

"मी सांगितलं होतं ना हात लावू नका."

"सांगितलं व्हतंस," ते म्हणाले. मग हंड्यात नीट वाकून बघितलं आणि त्यांचा हात आपोआप थांबला. आपण काय केलं ते त्यांना माझ्याआधी कळलं असावं. दूध फाटलेलं ओळखायला त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

मी रागावून बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पण त्यात "चार वर्षं" होतं आणि "तुम्हाला काय त्याचं" होतं. अण्णा पळी धरून ऐकत राहिले. तेवढ्यात आजी आल्या. त्यांनी हंड्यात बोट बुडवलं, भुगा चिमटीत चोळला.

"चीज नाही होणार आता," त्या म्हणाल्या. "डुकरांना घालू."

"आणि माझी पाळी?"

"यादीच्या शेवटी. पुढच्या उन्हाळ्यात बघू. नियम माझ्या आजीच्या वेळेपासून हाच आहे, तुझ्यासाठी नाही बदलता येणार. माझ्यासाठीही नसता बदलला." आवाजात राग नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

अण्णांनी मला विचारलं, "काय म्हनायली आक्का?"

"डुकरांना घाला म्हणतात."

"डुकराला?" त्यांनी थोडा भुगा पळीवर उचलून बघितला. "येवढं दूध डुकराला? तिला म्हनावं, पसरट भांडी हायत का. आन् साखर."

मला भाषांतर करायचं नव्हतं. मला घरी जाऊन दार लावून घ्यायचं होतं. पण ते माझ्याकडे बघत होते, पाच आठवड्यांत प्रथमच नीट बघत होते. मी आजींना म्हटलं, "माझे वडील विचारतात, पसरट भांडी आहेत का." आणि मग, का कोण जाणे, पुढचंही बोलून गेले. "ते आयुष्यभर हेच करत आलेत. दूध आटवून खवा करायचे. डेअरी बिझनेस नाही, एक भट्टी होती, घरामागे."

"मग तू आधी का नाही सांगितलंस?" आजी म्हणाल्या. "आटवणाऱ्या माणसाला मी हंड्यापाशी एकटं बसू दिलं असतं का?"

उत्सवाला बटाटे शिजवायची तीन रुंद भांडी मागच्या खोलीत होती. आजींनी दोन जादा शेगड्या मागवल्या. त्या घेऊन आला रस्त्यावरचा बर्फ उपसणारी गाडी चालवणारा गावचा गाडीवान, ज्याला उन्हाळ्यात तसं काही काम नसतं. अण्णांनी भांडी वास घेऊन तपासली, एक नापास केलं, परत घासायला लावलं. लोखंडी उलथणं नव्हतं. गाडीवानाने बांधकामाची तीन नवीकोरी सपाट पाती आणून दिली आणि फावड्यांच्या दांड्यांना बसवून दिली. अण्णांनी त्यातलं एक हातात तोललं. "जड हाय. पर चालंल."

दुपारभर ते आटत राहिलं. एका भांड्यावर अण्णा, एकावर गाडीवान, एकावर मी. अण्णा मराठीत ओरडायचे, "तळ, तळ, तळ बघ," आणि गाडीवानाला ते बरोबर कळायचं. त्याची पकड चुकली की अण्णा त्याचं कोपर धरून फिरवायचे. मला म्हणाले, "तुझा हात कीबोर्डाचा हाय, माय. खांद्यातून फिरीव." लहानपणी मी भट्टीपाशी आले की ते मला हाकलायचे, जा अभ्यास कर म्हणून. उलथणं मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं.

तीनला लेक कॅम्पहून आली. माझा रडून सुजलेला चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "इट्स जस्ट मिल्क, आई." अण्णांनी विचारलं, काय म्हणते पोरगी? मी सांगितलं, म्हणते नुसतं दूध तर आहे. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "नुसतं दूध आसतं तर तुझी आई शिकली नसती." हे मी लेकीला भाषांतर करून सांगितलं नाही, मला जमलं नाही. पण तिने काहीतरी ओळखलं आणि आजोबांच्या दांड्याला खालून हात लावला. मीही हात लावायला गेले, पण तिघांचे हात एका दांड्यावर मावेनात म्हणून बाजूला झाले.

पाचच्या सुमारास पाणी संपलं, साखर पडली आणि रंग बदलायला लागला. आधी सायीसारखा, मग बिस्किटासारखा. दाणेदार, ओलसर, कलाकंदाच्या जातीचं काहीतरी. फाटलेल्या दुधाचं हे आमच्याकडे उन्हाळ्यात व्हायचं. पेढेवाल्याला पाठवायचं नाही, घरात खायचं. अण्णांनी पहिला घास पळीवर घेऊन आजींच्या पुढे धरला. "घ्या आक्का. तुमच्या दुधाचं वाटोळं."

आजींनी खाल्लं. मग दुसऱ्यांदा स्वतः घेतलं आणि बाकावर बसल्या.

"माझी आई असलं काहीतरी करायची," त्या म्हणाल्या. "लग्नाला. मुद्दाम दूध फोडून, दिवसभर शिजवून. आई गेल्यावर कोणी केलं नाही. एवढा वेळ ढवळायला कोण बसणार." थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगदी तसं नाही. आईचं जास्त तपकिरी असायचं. आणि इतकं गोड नसायचं."

मी अण्णांना सांगितलं. त्यांना लागेल असं वाटलं होतं. ते विचारात पडले, भांड्याच्या कडेचं खरवडून जिभेवर ठेवलं.

"तपकिरी पायजे तर आजून घटकाभर आटवावं लागल, बारीक आचेवर. आन् साखर निम्मी. पुढच्या खेपेला करून दाखवतो म्हनावं."

मी म्हटलं, "अण्णा, उद्या तुमचं विमान आहे."

त्यांनी फावड्याचा दांडा आडवा धरला. पातं फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "बदलाया लई पैसे घेत्यात का?"

तिकीट मी तिथूनच, म्हणजे चर्चच्या वळणावर जाऊन, बदललं. तोपर्यंत ऑफिसचे तीन मेसेज आले होते. ते मी दुसऱ्या दिवशी वाचले आणि जग बुडालं नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारांना अण्णा दूधघरात जाऊ लागले. पाळी कोणाचीही असो. दूध गोठायला ठेवलं की आजी त्यांना बाहेर बाकावर घेऊन बसायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. "हात बांधून बसवलंय मला आक्कानं," ते सांगायचे, पण तक्रारीच्या सुरात नाही. चीज निघाल्यावर उरलेलं पाणी त्यांच्या वाट्याचं. त्यात दूध घालून ते आटवायचे आणि आजी चव घेऊन मान हलवायच्या, अजून नाही. चौथ्या गुरुवारी आजींनी चव घेतली आणि मान हलवायची राहिली.

सप्टेंबरच्या शेवटी फळी मांडली गेली. मासा, होडी, कुऱ्हाड, घंटा, सगळी चाकं रांगेत. आमचं नव्हतं. मी ती रांग दोनदा शेवटपर्यंत बघितली, उगाचच. अण्णांची तपकिरी वडी फळीवर नाही, कॉफीच्या टेबलावर ठेवली होती, कारण ते चीज नाही आणि नियम म्हणजे नियम. पण ठेवताना आजींनी माझ्याकडे हात पुढे केला. "ठसा आणलायस का?"

आणला होता, पर्समध्ये. का आणला होता ते मला सांगता येणार नाही. वडी अजून मऊ होती. मी सुरळी दाबली, फीत नीट उठली. लोक कॉफी घ्यायला आले की ती वडी बघायचे, गाडीवान त्यांना ढवळतानाचा खांदा करून दाखवायचा. ताट फळीवरच्या चाकांआधी संपलं.

घरी चालत येताना मी अण्णांना म्हटलं, "पुढच्या वर्षी पाळी येईल तेव्हा नवा ठसा कोरून घेऊ. उलथण्याचा. तेच खरं आपल्या घराचं."

ते थांबले. चढ होता, दम लागला असेल. "उलथनं नगं," म्हणाले. "उलथनं समद्यांच्याच घरात आसतं. सुरळीच राहू दे."

मग दोन पावलांनी म्हणाले, "त्या पाच किलो खव्यातला मैत्रिणींना दिला व्हतास का गं, पेपर झाल्यावर?"

"दिला होता, अण्णा. सगळ्यांना आवडला होता." आणि मग, वीस वर्षं उशिरा, दुकानाची गोष्ट सांगितली.

ते हसले. बराच वेळ हसत होते, खोकला येईपर्यंत. "पेठेतल्या दुकानाचा म्हनलीस? मग भाव तरी जादा सांगायचा व्हतास."